तिकडं पाऊस कवा पडतो

मला एका जागी बसवत नाही. माझी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. मुलगा पोर्तुगालला गेला आणि ती भिंगरी पायातून डोक्यात गेली. सकाळी उठल्या उठल्या आधी फोनवर तिकडचं हवामान बघायचं आणि मग इकडची खिडकी उघडायची, असं माझं चाललेलं असतं. आमच्या राहू गावात रात्री पाऊस पडून गेला की नाही हे मला कधीकधी शेजारीण सांगते, पण तिकडं दुपारी वारा किती जोरात सुटणार आहे हे मला चहाआधीच ठाऊक असतं.

मी शाळेत शिकवते. 'भूमध्य सागरी हवामानाच्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो' हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. मुलं ते पाठ करायची, मार्क मिळवायची आणि विसरून जायची. खरं सांगायचं तर माझाही त्यावर मनापासून विश्वास नव्हता. हिवाळ्यात कसला आलाय पाऊस? हिवाळ्यात आमच्याकडं ऊस तुटतो, पाटसच्या साखर कारखान्याच्या रस्त्याला ट्रॉल्यांची रांग लागते. त्यात चुकून पाऊस आलाच तर माणसं आभाळाला शिव्या देतात.

पोरगा दिवाळी करून गेला. पावसाळा संपवून गेला, असं आम्ही समजत होतो. बॅग भरताना मी दोन स्वेटर ठेवले, तर ह्यांनी एक काढून टाकला. "समुद्राकाठचा देश हाय, घामानं मरंल ते पोरगं." तिकडून पहिला फोन आला तो असा, "आई, इथं आत्ता कुठं पावसाळा सुरू झालाय." त्याच्या खोलीत भिंतींना पाणी सुटायचं. कपाटातल्या बुटांवर बुरशी चढायची. बाहेरच्यापेक्षा घरात जास्त गारठा, आणि हा पठ्ठ्या कानटोपी घालून जेवायला बसायचा. दिवसभर प्लॅस्टिकच्या लांबलचक शेडमध्ये रासबेरी नावाची तांबडी फळं तोडायची आणि संध्याकाळी त्या ओल्या खोलीत यायचं, असं त्याचं काम. मी रोज ओरडायचे, अंगावर घे, गरम पी. तो नुसता हसायचा.

मग मार्चात त्यानं डोंगर दाखवले. हिरवेगार, वर पिवळी-जांभळी फुलं. आमचा श्रावण तिकडं मार्चात येतो. मे महिन्यात पाऊस थांबला तो थांबलाच. इकडं मी छत्र्या झटकत होते तेव्हा तिकडचे तेच डोंगर वाळून पिवळे पडले होते. सकाळी समुद्रावरून धुकं यायचं, दुपारनंतर वारा सुटायचा, आणि रात्री नऊलाही म्हणे उजेड असायचा. मी हे सगळं ह्यांना सांगायला जायचे, तर हे म्हणायचे, "आभाळ काय वेगळं असतंय व्हय कुठं?"

ह्यांच्या घरात सासऱ्यांपर्यंत मेंढ्या होत्या. आता ऊस आहे. पण ह्यांचा अजून असा समज, की लहानपणी बापाच्या मागं माळावर जे शिकलो त्यात जगातलं सगळं येतं.

गेल्या श्रावणात आमच्याकडं झड लागली होती. आमच्या भागात अशी झड क्वचित लागते. सगळं घर सर्दावलेलं. त्याच दिवसांत एका सकाळी मी फोन उघडला, तर पोरगा राहतो त्या बाजूच्या डोंगरांना आग लागल्याची बातमी. त्याला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. दुपारी शाळेतून आले आणि चप्पल न काढताच लावला. तरी बंदच.

त्याच्याबरोबर काम करणाऱ्या पंजाबी मुलाचा नंबर माझ्याकडं होता, तोही लागेना. मी स्वयंपाकघरातून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात, अंगणातून परत आत. भाकरी करपली, दूध उतू गेलं. फोन चार्जिंगला लावायचा धीर होईना, तेवढ्या वेळात त्याचा आला तर? एरवी मी अशी फिरायला लागले की हे म्हणतात, "बस की जरा, भुई झिजंल." त्या दिवशी उलट हेच माझ्या मागंमागं फिरायला लागले.

"तिकडं पाऊस पडला का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. पुन्हा तेच. इतक्या महिन्यांत ज्या माणसानं तिकडच्या हवेची एकदा चौकशी केली नाही, तो आता घटकेघटकेला पाऊस विचारत होता. पुढ्यातलं ताट तसंच सारलं. पाणी तापवायला हे मागच्या चुलीपाशी गेले, तर काड्या सर्दावलेल्या. एक ओढली, विझली. दुसरी ओढली, तिचा गुल गळून पडला. मग काडेपेटी हातात धरून तिच्याकडं बघतच राहिले, आणि एकदम ती चिखलात फेकून दिली.

मी म्हटलं, "अहो, काय झालंय? सांगा."

तेव्हा ते बोलले. मागच्या एका रविवारी मी यवतला बाजाराला गेले असताना पोराचा फोन आला होता. शेताच्या कडेचं एक जुनं घर मालकानं त्याला राहायला दिलं होतं. घराभोवती कमरेएवढं वाळलेलं गवत, आणि मालकानं सांगितलं होतं, एवढं साफ करून घे. पोरानं फोन फिरवून बापाला गवत दाखवलं.

"मी म्हणलं, कापत कशाला बसतुयास," हे खाली बघत म्हणाले. "आम्ही वैशाखात माळ पेटवायचो. जळून गेलं म्हंजी वळवाच्या सरीवर कोवळं फुटतं, मेंढरांना चारा व्हतो. म्हणलं, सांजच्याला वारं पडलं की लाव काडी."

शाळेत माझी भाषा पुस्तकातली असते, पण संताप आला की माझं तोंड पुन्हा राहूचं होतं. "तिकडं सांजंला वारं पडत न्हाई, सुटतं! आन् वळीव कोण आणणार व्हतं, तुम्ही? वर्सभर मी घसा फोडून सांगतेय, तवा कुठं व्हता?"

ते चिखलातली काडेपेटी उचलायला वाकले.

"आन् तो काय म्हणला?"

"व्हय आबा, म्हणला."

मग तर संपलंच. कारण हा पोरगा बापाला कधी नाही म्हटलेलाच नाही. त्याला शिक्षक व्हायचं होतं. बाप म्हणाला आयटीआय कर, तर व्हय आबा. बाप म्हणाला, चार पोरं परदेशी चालली आहेत, तूही जा, तर व्हय आबा. विमानतळावरही तेच म्हणून आत गेला. बापानं काडी लाव म्हटलं असेल तर यानं ती लावली असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. ती डोंगराची आग त्याच काडीची तर नसेल ना, एवढंच माझ्या डोक्यात घुमत राहिलं. पोरगं कुठं असेल, कसं असेल? मी देवापुढं बसले, पण तिथंही बसवेना.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पोरगाच.

"आई, मी बरा हाय." पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. मोबाइलचा टॉवर जळला होता, सगळ्या कामगारांना गावातल्या एका मोठ्या हॉलमध्ये नेलं होतं, हा फोन कुणाचा तरी होता. मी स्पीकर लावला. हे धावत आले आणि फोन हातातून ओढूनच घेतला. कसा आहेस नाही, जेवलास का नाही.

"तू काडी लावली व्हतीस का?"

 पलीकडून हळू आवाजात, "व्हय आबा."

ह्यांनी फोन माझ्याकडं दिला आणि उंबऱ्यातच बसले. इतकी वर्षं संसार केला, पण ह्यांचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता.

मी म्हटलं, "खरं सांग रे."

"आबा हायत का जवळ?"

"हायत. बोलायचं भान न्हाई त्यांना."

"न्हाई गं लावली," तो म्हणाला. "इळ्यानं कापलं सगळं. मालक म्हणला, इथं उन्हाळ्यात शेकोटीसुद्धा चालत न्हाई. आग टेकडीपल्याडनं आली, कुणाला कळलं न्हाई कशी लागली ती. कापून ठेवलं व्हतं म्हणून घर राहिलं. पर आबांना कसं सांगू, तुमचं ऐकलं न्हाई म्हणून?"

पोरगा विमानात बसला तेव्हा मी रडले नव्हते. आता उभ्या उभ्या रडले. स्पीकर चालूच होता; सगळं ऐकून ह्यांनी हात पुढं केला. मी फोन त्यांच्या हातात ठेवला.

"ऐकलं न्हाईस नव्हं माझं?"

"चुकलं, आबा."

"न्हाई चुकलं."  अंगणात झड चालूच होती, तिच्याकडं बघत त्यांनी विचारलं, "बाळा, तिकडं पाऊस कवा पडतो?"

"ऑक्टोबरात, आबा. कवा कवा उशीर बी व्हतो."

"मग तवर जप. आन् हितनं फुडं मी काय बी सांगितलं, तरी आधी तिथल्या माणसाला इचारत जा. माझं ऐकू नगंस."

पलीकडून नेहमीचंच उत्तर आलं.

"व्हय आबा."