अबोली की पिस्ता

पालीजवळच्या वाडीत हौसा आणि तिची सून दीपाली अशा दोघीच राहायच्या. मुलगा गुरुप्रसाद मुंबईला कामाला. गणपतीआधी माजघर रंगवायचं ठरलं, तेव्हा रंगारी शिवानं भिंतीवर दोन पट्टे ओढून दाखवले, एक अबोली नि एक पिस्ता. हौसाला अबोली हवा, दीपालीला पिस्ता. दोन दिवस दोघी त्या पट्ट्यांकडे बघत जेवल्या. तिसऱ्या दिवशी हौसाच म्हणाली, देवीला कौल लावते, ती सांगेल तो रंग. दीपालीनं मान डोलावली.

देवळात महिपत गुरवाला हसू आलं. "वयनी, आता भिंतीपण देवीनंच रंगवायच्या काय?"

तरी त्यानं देवीच्या दोन्ही अंगांना कळ्या लावल्या. अबोली लावू का, असं हौसानं विचारलं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पडली डावीच.

परतताना हौसा मनाला समजावत राहिली. देवी काळ्या पाषाणाची, तिला रंगातलं काय कळणार? घरी येऊन म्हणाली, "उजवी दिली गो."

दीपालीनं तिथूनच देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि शिवाला अबोली कालवायला सांगितला. खोटं इतकं अलगद गिळलं गेलं, की हौसा उगाचच परसात जाऊन उभी राहिली.

दुपारपर्यंत दोन भिंती झाल्या. दीपाली चहा घेऊन सासूजवळ बसली. गुरुप्रसादनं खोली घेतलीय, मुंबईला ये म्हणतोय; जाऊ की इथंच राहू, तिला ठरवता येत नव्हतं.

"आई, माझ्यासाठीपण तुम्हीच कौल लावा. तुम्ही येऊन सांगाल तसं करीन."

हौसाला सून घरातच हवी होती. काय सांगायचं ते जिभेवर तयारच होतं, आणि त्या जिभेचीच तिला भीती वाटली. चहावर धरलेली साय तिनं बोटानं बाजूला केली. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "सकाळी डावी दिली होती."

दीपालीनं ताज्या भिंतीकडे बघितलं. भांडली असती तर बरं झालं असतं. कप उचलून ती एवढंच म्हणाली, "मग माझं मीच विचारून येईन."

तिसऱ्या भिंतीला कुठला रंग, शिवानं दारातून विचारलं. हौसाची मान काही वर होईना.

"दीपालीला विचार," ती म्हणाली.