कुंदाताई बसल्या तो दिवस

कुंदाताईंना खुर्ची दिली की त्या तिच्यावर पिशवी ठेवायच्या आणि स्वतः उभ्या राहायच्या. चहा उभ्यानं, फोन येरझारा घालत. जीपमध्ये बसावंच लागे, तेव्हा गुडघा एकसारखा हलायचा. कुणी आग्रह केला तर म्हणायच्या, "बसलेलं रक्त गोठायची वाट बघतंय."

डॉक्टर असून त्या दवाखाना चालवत नव्हत्या. रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे जखम झाली की एकमेकींना चिकटून रक्त थांबवणाऱ्या पेशी, हा त्यांचा विषय. बाळंतपणानंतर काही जणींच्या पायात रक्ताची गाठ होते, बाकीच्यांच्या नाही. ती कुणाला होईल हे आधी ओळखता येईल का, हे त्या शोधत होत्या. त्या मूळच्या साखरा गावच्या. आसपासच्या गावांतल्या बाळंतिणींचं रक्त घेऊन आम्ही हिंगोलीच्या प्रयोगशाळेत आणायचो. मी त्यांची मदतनीस; नळ्यांचा ट्रे मांडीवर घेऊन तो हलकेच हलवत राहणं हे माझं काम. "झोळीतल्या लेकरावानी हलव," त्या सांगायच्या. "घुसळू नको, ताक न्हाई ते."

एकदा साखऱ्यात ज्या घरी थांबलो होतो तिथल्या बाईनं ऊन लागेल म्हणून त्या नळ्या मायेनं फ्रिजमध्ये, दह्याशेजारी ठेवल्या. गारठ्यानं प्लेटलेट बिघडतात. सगळी सकाळ वाया गेली. ताई तिला एवढंच म्हणाल्या, "मावशी, ह्यांना माणसासारखं ठेवा. लई ऊन न्हाई, लई गार न्हाई." परतीच्या वाटेवर मात्र त्यांच्या गुडघ्यानं अख्खी जीप हलत होती.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठीत बोलायचं म्हटलं की आधी मनात वाक्य जुळवायची, तोवर समोरचा निघून गेलेला असायचा. ताई चिडवायच्या, "तू बोलशील तोवर नळीतलं रक्त गोठंल."

एके दिवशी गावाहून परतताना मी कशीबशी बोलले. वहिनी सिझर होऊन घरी आली होती आणि तिचा पाय सुजला होता.

"दोन्ही का एकच?"

"एकच."

त्यांनी जीप प्रयोगशाळेकडे न नेता आमच्या घरी वळवायला लावली.

आई बाजेशेजारी बसून वहिनीची पोटरी तेलानं चोळत होती. ताई दारातूनच म्हणाल्या, चोळू नका, गाठ असली तर सुटून छातीत जाईल, आत्ता दवाखान्यात न्यायचंय. आईनं हात थांबवला नाही. बाळंतिणीला उंबरा ओलांडू देत नाहीत, वारं लागतं, असं ती सांगत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "तुमाला लेकरं न्हाईत ताई. तुमाला काय म्हाईत."

"व्हय, न्हाईत," ताई म्हणाल्या. "मायबी न्हाई. ती अशीच बाजेवर होती, एक पाय सुजलेला. मी झोळीत होते. लोक म्हणले, बाहेरचं लागलं."

आईनं तेलाची वाटी खाली ठेवली. स्वतःची शाल काढून वहिनीच्या डोक्याला गुंडाळली आणि मला म्हणाली, "लेकरू घे."

दवाखान्यात तपासणीच्या खोलीचं दार बंद झालं, तेव्हा बाहेर आई फरशीवर बसली. तिच्याशेजारी कुंदाताई बसल्या. नळ्यांचा ट्रे त्यांच्या मांडीवर होता आणि गुडघा हलत नव्हता. मी ट्रे घ्यायला हात पुढे केला. त्या म्हणाल्या, "राहू दे."

गाठ मांडीपर्यंत चढली होती. रक्त पातळ करायची इंजेक्शनं लगेच सुरू झाली, आणि वहिनी वाचली. त्या दिवसाचे नमुने तेवढे फेकावे लागले.

पुढे ताईंचं इथलं काम संपलं. हिंगोली स्टेशनवर गाडीला उशीर होता. त्या फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या, आणि पिशवी घेऊन मी मागं. गाठ कुणाला होईल हे आधी ओळखायची खूण सापडली का, मी विचारलं. या वेळी वाक्य जुळवत बसले नाही.

"न्हाई अजून," त्या न थांबता म्हणाल्या. "शोधून राहिले."

आमच्या गल्लीत कुणी बाळंत झालं की आईला आजही तेल लावायला बोलावतात. ती जाते. आधी बाळंतिणीच्या दोन्ही पोटऱ्या हातानं चाचपते, आणि मगच तेलाची वाटी मागते.