सात भाषांत रडणारी ठकी

माझी धाकटी बहीण सात भाषांत गायची आणि त्यातली एकही तिला येत नव्हती. येत होती ती आठवी, आपली घरची. तिच्यात गा म्हणून कुणी सांगितलंच नाही.

घरात ती ठकी, पोस्टरवर मादाम. तिचे झगे मी शिवायची. कार्यक्रमाला सुई-दोरा घेऊन विंगेत उभी राहायची, कारण उंच सूर लावला की बाईसाहेबांच्या पाठीची शिवण हमखास उसवायची.

गाणं शिकायची तिची पद्धत सोपी होती. हॉटेलातला धोबी असो की दवाखान्यातली नर्स, ज्याची ती भाषा त्याला समोर बसवायचं, चहा पाजायचा आणि ओळ घोटून घ्यायची. अर्थ मात्र विचारायचा नाही. "अर्थ कळला की माझा चेहरा बिघडतो, ताई," म्हणायची. एकदा बाळाला आंघोळ घालायचं गाणं तिनं डोळ्यांत पाणी आणून म्हटलं. अख्खा हॉल रडला. पुढच्या रांगेतल्या न्यायाधीशांना तर आवरेना. साबण डोळ्यांत गेल्याचं कडवं होतं ते!

ही सगळी मॅनेजरची शिकवण. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस. "नुसता आवाज कोण विकत घेतो? दुःख पाहिजे," म्हणायचा. मग त्यानं भाषेगणिक एक दुःख वाटून दिलं. एका भाषेत ठकीचा नवरा विमान पडून गेला, दुसरीत समुद्रात बुडाला, तिसरीत तिच्याच मैत्रिणीबरोबर पळाला. ठकीचं लग्नच झालं नव्हतं. आई बिचारी मासिकात वाचून फोन करायची, "अगं, हा कोणता जावई गेला? जिवंत होता तेव्हा तरी दाखवायचा!"

आम्ही पोट धरून हसायचो. मग तिचा घसा धरला.

डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्टच सांगितलं, "गाठ आहे. सहा महिने तोंडातून शब्द काढायचा नाही. नाहीतर आवाज कायमचा जाईल." त्या बाईकडे आवाजाशिवाय होतं काय? मी मॅनेजरला चांगलंच फैलावर घेतलं. तो हात जोडून म्हणाला, "ताई, एवढा एकच कार्यक्रम. हॉल भरलाय हो."

त्याचंही खोटं नव्हतं. आवाज जसजसा फाटत गेला, तसतशी गर्दी वाढत गेली. एका शहाण्यानं पेपरात लिहिलं, 'वेदनेला कंठ फुटला.' मेल्या, फुटला नाही, फाटला! पण ज्याचं जळतं त्याला कळतं.

ठकीनं माझा हात दाबला. "एवढा करते. मग गप्प बसते."

तिसऱ्या गाण्यात आवाज अडकला. तिनं पुन्हा लावून पाहिला, नुसती घरघर आली. तिनं विंगेकडे मान वळवली. माईक हातातच होता. आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ती स्टेजवर आपल्या भाषेत बोलली, "ताई, दुखतंय गं. मला घरी ने."

पियानोवाल्याला वाटलं, नवीन गाणं. त्यानं सूर धरला. ढोलकवाल्यानं ठेका दिला. ती रडत परत म्हणाली, "दुखतंय गं, मला घरी ने," आणि तो परक्या मुलखातला भरलेला हॉल तिच्यामागून तेच म्हणायला लागला! एकाला अर्थ कळेल तर शपथ. मी दातांत दोरा तसाच धरून धावले आणि तिचा हात पकडला. लोकांनी आम्हा दोघींवर फुलं उधळली. मलाही कार्यक्रमातच धरलं होतं त्यांनी.

आवाज गेला तो गेलाच. मॅनेजरनं तेवढं रेकॉर्डिंग विकून घर बांधलं. ठकी आता माझ्याकडे असते, लोकांच्या झग्यांना टिकल्या लावते. काही हवं असलं की कात्री टेबलावर आपटते.

परवा त्याच मुलखातल्या एका संस्थेची माणसं आली, तिला पुरस्कार द्यायला. अध्यक्षांनी विचारलं, "या अमर गीताचा अर्थ काय हो?"

मी जसा आहे तसा सांगितला. त्यांनी डोळे मिटले. "घर म्हणजे आत्माच ना?"

"घर म्हणजे हे," मी म्हटलं. "जपून बसा, त्या खुर्चीचा पाय मोडका आहे."

पण ते बसलेच नाहीत. तिचा मान म्हणून सगळे उभे राहिले आणि तिच्यासमोर तेच गायला लागले. ठकीचा चेहरा पांढरा पडला. तिनं कात्री आपटली. परत आपटली, जोरात. ताल मिळाला म्हणून त्यांनी आवाज आणखी चढवला.

मी उठले, तिचा हात धरला आणि तिला आतल्या खोलीत नेलं. मागून टाळ्या वाजत होत्या.