पांढरं ते हाड

दादाच्या मोडलेल्या नडगीत त्याच्याच कमरेचं हाड काढून भरलं होतं. ऑपरेशननंतर तो गावी न जाता आमच्या वर्ध्याच्या दोन खोल्यांत राहिला. तीन महिने झाले, आणि खोटं कशाला बोलू, मी कंटाळलो होतो.

पायाचा एक्स-रे फोटो काढायच्या दिवशी डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले. दाखवायला उद्या या, म्हणाले. उद्या म्हणजे पुन्हा रजा, पुन्हा त्याला उचलून ऑटोत बसवणं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. घरी येऊन फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मोडलेल्या जागेवर वरपासून खालपर्यंत पांढरं दिसत होतं.

"जुळलं काय रे?" दादानं विचारलं.

"जुळलं. आता पाय टेकवून चालत जाय. घरी गेला तरी चालते."

"तू शिकेल-सवरेल माणूस," तो म्हणाला, आणि सकाळच्या बसनं गावी, सेलूला गेला.

महिन्यानं पाय सुजला. डॉक्टरांनी नवा आणि जुना, दोन्ही फोटो शेजारी लावले. मी जे पांढरं हाड समजलो होतो, ती ऑपरेशनमध्ये आधाराला बसवलेली लोखंडी पट्टी होती. तिच्यामागची काळी फट जुन्या फोटोतही तशीच होती. आता पट्टीही वाकली होती.

"यांना पायावर वजन टाकायला कोणी सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी फोटोकडेच बघत राहिलो.

"मलेच घाई झालती, साहेब," दादा म्हणाला. "हा तर नाई म्हणून राह्यला होता."

"शिकलेल्या भावाचं ऐकायचं असतं," डॉक्टर त्याला रागावले.

मी मान डोलावली.