सव्वीस दिवसांचा महिना

विमला परबला खाड्याचा भाव तोंडपाठ होता. खाडा म्हणजे बिनमंजुरीची गैरहजेरी. तेवढ्या दिवसांचा पगार कापला जायचा. दरवर्षी गणपतीला ती सहा दिवसांची रजा टाकून कुडाळजवळच्या गावी जायची आणि दहाव्या दिवशी उगवायची. एका वर्षी एसटी बंद पडली, पुढच्या वर्षी सासूला विंचू चावला, त्याच्या पुढच्या वर्षी त्याच सासूला पुन्हा चावला. टाइम ऑफिसातले नंदकुमार सबनीस विंचवाची विचारपूस करायचे आणि शांतपणे तीन खाडे मांडायचे. खाड्याला तीस रुपये, एकूण नव्वद. विमलाने कधी हुज्जत घातली नाही. नव्वद रुपयांत घरचा गणपती पोचवून यायला मिळतो, तर महाग कशाने?

साकीनाक्याच्या त्या टॉर्चच्या कारखान्यात तिची अठरा वर्षे गेली. १९८६च्या जानेवारीत कंपनीने खोकी भरणारे यंत्र आणले आणि पॅकिंगमधल्या बावीस बायकांना कमी करायचे ठरवले. भरपाई कायद्याप्रमाणे, म्हणजे पुऱ्या झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. सबनिसांनी विमलाचा कागद पुढे सरकवला. सात हजार वीस रुपये.

आकडा बघून विमलाचे तोंड कडू झाले. कांदिवलीचा धोंडू आपले मसाला कांडपाचे जुने यंत्र आठ हजारांना विकत होता. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला होता, पण उधारीचे नाव काढू नको म्हणून बजावलेही होते. विमलाने घाटकोपरला खोलीशेजारची जागा बघून ठेवली होती. फंड आणि ग्रॅच्युइटी पतपेढीच्या कर्जात जायची होती. म्हणजे काय ते याच पैशांत. आणि हे तर पुरत नव्हते.

तिने कागद उलटा केला, सुलटा केला.

"साहेब, माझा एक खाडा केवढ्याला?"

"तीस रुपयांना. का? माघी गणपतीला पण जायचंय की काय?"

"मग पंधरा दिवसांचे साडेचारशे होतात. तुम्ही तीनशे नव्वद लिहिलेत."

सबनिसांनी शाळामास्तरच्या सबुरीने समजावले. महिना तीस दिवसांचा, पगार सातशे ऐंशी, म्हणून रोज सव्वीस रुपये. खाडा कापताना मात्र रविवार सोडून कामाचे सव्वीसच दिवस धरायचे असतात, म्हणून तो तीस रुपये. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर.

"म्हणजे मी घरी राहिले की महिना सव्वीस दिवसांचा, आणि तुम्ही घरी पाठवलंत की तीस दिवसांचा?"

सबनिसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. वीस मिनिटांनी आले ते दार लावून घेतच. तुमचे एकटीचे सव्वीसने भागून देतो म्हणाले, आठ हजार शंभर. पण बाहेर एक शब्द बोलायचा नाही. सगळ्यांनी मागितले तर आपली वाट लागेल.

विमलाने गळ्याला चिमटा घेतला. "गळ्याशपथ. एक शब्द बोलायची नाही."

ती खात्यात परतली. शेजारच्या गावची प्रेमा, गेली दहा वर्षे गणपतीला हिच्याच एसटीने जाणारी आणि हिच्याइतकेच खाडे करणारी, सही केलीस काय म्हणून मागे लागली. विमलाने ओठांवर बोट ठेवले. मग पेट्यांवर नंबर टाकायचा खडू उचलला आणि एका मोठ्या खोक्यावर लिहिले: एक खाडा गुणिले पंधरा गुणिले वर्षे.

खाड्याचा भाव विचारायला कोणाला कुठे जायला लागणार होते? गणपती नाही तर शिमगा, खाडा केला नाही अशी एकही बाई त्या खात्यात नव्हती. पाच मिनिटे नुसते पुटपुटणे चालले. पहिले उत्तर रत्नप्रभाचे आले आणि तिने जागच्या जागी सबनिसांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चहाच्या सुट्टीत टाइम ऑफिससमोर एकवीस बायकांची रांग होती. बाविसावी शेवटी, पदर सावरून, गरिबासारखी उभी.

"विमलाबाई, तुम्ही शपथ घेतली होतीत," सबनीस म्हणाले.

विमलाने मान हलवली आणि गळ्याला पुन्हा चिमटा घेऊन दाखवला.

"ती कायेक बोलूक नाय, साहेब," प्रेमा म्हणाली. "मघापासून मुकी झाली हा."

तिसाने भागलेल्या कागदावर एकीनेही सही केली नाही. यंत्र जिथे बसवायचे होते नेमक्या त्याच जागेवर बायका डबे उघडून बसल्या, आणि जेवून झाल्यावरही हलल्या नाहीत. यंत्र बसवायला आलेला इंजिनिअर कंपनीच्या खर्चाने हॉटेलात राहत होता आणि रोज रात्री कोंबडी मागवत होता. चौथ्या दिवशी मॅनेजरने ते बिल पाहिले आणि महिना सव्वीस दिवसांचा झाला.

चार दिवस विमला कारखान्यात हूं की चूं बोलली नव्हती. घरी मात्र तिने एवढी भरपाई केली की नवरा जिन्यात जाऊन बसायचा. सबनिसांनी नोटा पुढे ठेवल्या आणि आता तरी बोला म्हणाले. तिने नोटा दोनदा मोजल्या, सही केली आणि नमस्कार करून निघाली.

तिथून ती थेट कांदिवलीला गेली. धोंडूसमोर मात्र ती तासभर तोंड मिटायला तयार नव्हती, आणि यंत्र साडेसात हजारांत घेऊन आली.