लांब पल्ल्याच्या दोन थाळ्या

मागच्या सुट्टीत तुम्ही दोघं माझ्या कपाटात दोन थाळ्या विसरून गेलात, एक लाल, एक पिवळी. डिस्क गोल्फच्या. म्हणजे चेंडूऐवजी थाळी फेकून लांबच्या टोपलीत पाडायची. या दोन्ही ड्रायव्हर, सगळ्यात लांब जाणाऱ्या. तुमच्या बाबाने फोनवर सांगितलं, "आई, त्या तुझ्या कामाच्या नाहीत. त्यांना जोरदार हात लागतो. काकांना दे, ते गावातल्या पोरांना वाटतील." माझं वय त्याने काढलं नाही, पण मला ते ऐकू आलं.

काका म्हणजे तुमचे धाकटे आजोबा, माझे दीर. फौजेतून निवृत्त झालेले. दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन दारात हजर.

"द्या वैनी, थाळ्या."

"भाऊजी, आधी मी फेकून बघणार."

"आवं, ती काय भाकरी हाय व्हय?" ते हसले. "बरं, रविवारपतोर मुदत. आपल्या रानातल्या बांधावरनं फेका. पाट वलांडला तर थाळ्या तुमच्या. न्हाईतर पोरांच्या."

मी कबूल केलं.

ऊस नुकताच तुटून गेला होता, त्यामुळे रान मोकळं होतं. बांधापासून पाटाच्या पलीकडच्या काठापर्यंत माझी पंचावन्न पावलं भरली. पाटावरच्या फरशीवरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, जाऊन मोजली. मग वही घातली: वार, वारा, थाळी, पावलं.

पहिले दोन दिवस मी फक्त लाल फेकली, कारण ती जास्त दिमाखदार होती. दरवेळी तेच. हातातून सुटायची, जरा सरळ जायची आणि डावीकडे वळून पाचटात आपटायची. तीस पावलं. जास्त जोर लावला, तर खांदा दुखला आणि थाळी तिथेच.

तिसऱ्या दिवशी चष्मा लावून दोन्ही थाळ्यांवरचे आकडे वाचले आणि त्यांचा अर्थ इंटरनेटवर शोधला. सांगलीला इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या बाईने सूचना न वाचता काम सुरू करावं, याची मला लाज वाटली.

उजव्या हाताने, छातीकडून बाहेर फेकणाऱ्यांसाठी हिशेब असा आहे. लाल थाळीला फार वेग लागतो. तो मिळाला की ती आधी थोडी उजवीकडे कलते, मंदावताना डावीकडे परत येते, आणि या लांबलचक वळणात अंतर कापते. माझ्या हातून सुटली की ती पहिला भाग उडतच नाही, थेट शेवटावर येते. पिवळी वजनाने हलकी आणि मुळातच उजवीकडे कलणारी. जोरदार हातात ती उलटते. माझ्यासारख्या हातात मात्र तिचा कल डावीकडच्या ओढीला थोपवून धरतो आणि ती सरळ जाते.

म्हणजे तुमच्या बाबाचं निम्मं खरं होतं. लाल माझ्या हाताची नव्हती. पण दोन्ही नाहीत, हे त्याला कोणी सांगितलं?

त्या दिवसापासून पिवळी. चाळीस पावलं, मग चव्वेचाळीस, शनिवारी एकावन्न. एकावन्न म्हणजे पाण्यात. फरशीपाशी अडकली म्हणून हाती लागली.

रविवारी सकाळी दीर आले, बरोबर चहाचा थर्मास घेऊन माझी जाऊ. माझी पहिली फेक वर चढली आणि पाटाच्या अलीकडेच पडली.

"वैनी, आता पाण्यात गेली तर थेट कऱ्हाडला जाऊन आणा," दीर म्हणाले.

"तुमी गप बसा वो," जाऊ म्हणाली. "त्यांना फेकू द्या."

दुसऱ्या वेळी मी जोराचा विचार सोडला. थाळी फक्त जमिनीला समांतर सुटेल एवढं पाहिलं. ती कमरेच्या उंचीवरून निघाली, पाण्यावरून गेली आणि पलीकडच्या गवतात बसली. मी फरशीवरून जाऊन मोजली. अठ्ठावन्न.

"वाऱ्यानं नेली," दीर म्हणाले.

"पान हलत नाहीये, भाऊजी."

"हलकी हाय वो. बायकांची थाळी ती."

"मग तुम्ही फेका."

तरुणपणी जोंधळ्यावरची पाखरं हाकलताना त्यांच्या गोफणीचा दगड सगळ्यांच्या पुढे जायचा. त्यांनी तसाच हात डोक्यावरून गरकन फिरवला. पिवळी वर गेली, उजवीकडे कलंडली आणि कडेवर गरगरत शेजारच्या उभ्या उसात घुसली. जाऊ इतकी हसली की चहा सांडला. मग त्यांनी लाल घेतली. तीही आभाळाकडे गेली, हवेतच थांबली आणि डावीकडे कोसळली.

"थाळी बिघडलीया."

"थाळी ठीक आहे. गोफणीत जोर पुरतो, इथे नाही पुरत. इथे थाळी जमिनीला समांतर सुटावी लागते."

पिवळी शोधायला ते स्वतः उसात शिरले. अर्ध्या तासाने हातभर ओरखडे घेऊन बाहेर आले आणि दोन्ही थाळ्या माझ्या हातात दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दारात, या वेळी पिशवी नव्हती. "वैनी, जरा दाखवा की ते समांतर." दाखवलं. आता लाल त्यांच्या हातून पाट ओलांडते, अगदी वळण घेऊन. गावातल्या पोरांना शिकायचं असेल तर त्यांनी सकाळी सातला रानात यावं. थाळ्या मात्र माझ्या कपाटात राहतील.

तुमच्या बाबाला हे वाचून दाखवा. आणि येताना लाल जातीचीच, पण हलकी, दीडशे ग्रॅमची थाळी आणा. ती माझ्या हाताची आहे की नाही, ते मी फेकून ठरवीन.