तात्यांच्या उत्तरावरची काट

स्वारगेटला एसटीत बसले तेव्हा माझ्या पिशवीत चाळीस प्रश्नावल्या होत्या आणि डोक्यात बरीच हवा. माणसाची श्रद्धा किती पक्की असते हे मोजायचं, असा माझ्या एम.फिल.चा विषय. नव्वदच्या दशकातली गोष्ट. निघताना सरांनी दम दिला होता, "एकदा लिहिलेल्या उत्तराला हात लावायचा नाही."

कऱ्हाटी आणि पिंपळीत दोन दिवस बरे गेले. लोक अगत्याने बसवून घेत, हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची गरम पेज) पाजत आणि मला आवडेल असं उत्तर देत. हे दुसरं माझ्या उशिरा लक्षात आलं.

तिसऱ्या दिवशी इंदापूर तालुक्यातलं कळंब. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच एखादं मोकळं माळरान. बिरोबाच्या देवळाच्या ओट्यावर तात्या भेटले. सत्तरीचे, तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत गेलेले, आता ऊसवाले. खरं तर प्रत्येकाला एकट्यालाच विचारायचं, असा नियम. पण मला दोनची एसटी गाठायची होती. म्हणून भोवती जमलेल्या लोकांसमोरच मी प्रश्नावलीतलं विधान वाचलं: देवाचा कौल आणि डॉक्टरांचा सल्ला वेगळा असेल, तर मी देवाचा मानेन.

"मानीनच की. लिवा," तात्या म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. मी 'पूर्ण सहमत'वर खूण केली.

मी बाकीच्यांची उत्तरं घेत होते, तोच तासाभरात तात्या पोट धरून वाकले. आंतरगळ, म्हणजे हर्नियाची गाठ, जुनीच होती. बारामतीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि हे टाळत आले होते. आज मात्र गाठ दगडासारखी झाली, उलट्या सुरू झाल्या. मुलगा दत्तू शेजाऱ्यांची जीप घेऊन आला. तात्यांनी हात वर केला. "आदी कौल."

पुजाऱ्याने देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डावं पडलं.

"न्हाय म्हनतोय देव," तात्या म्हणाले.

त्यांची बायको सोनाबाई पुढे आली. "आवं, मागं बैलाच्या येळंला तीनदा इचारलं व्हतं की. परत लावा."

"तवाची गोष्ट येगळी. आज चार मानसांत बोललोय. बाईंनी लिवून घेतलंय."

घरच्या माणसाची समजूत काढावी तशी ही माणसं देवाची काढत आली होती, आणि माझ्या एका खुणेने ती वाट बंद केली होती. जीप चालूच होती. दत्तू माझ्याकडे पाहत होता. त्याच्या नजरेत राग होता आणि तो बरोबर होता.

"बाई, ते खोडा," सोनाबाई म्हणाली.

सरांचा दम आठवला. मी पेन काढलं आणि तात्यांना दिसेल अशी उत्तरावर आडवी काट मारली. "तात्या, उत्तर खोडलं. घाईत चारचौघांत विचारलं, चूक माझी."

तात्यांनी काटेकडे पाहिलं. मग पुजाऱ्याला म्हणाले, "लाव परत."

फुलं हलेनात. तात्या कण्हत होते. माझी नजर उजव्या फुलावरून हटत नव्हती. शेवटी उजवं फूल सुटलं आणि घरंगळत खाली आलं.

बारामतीचा तो रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. पुढे उसाच्या ट्रॉल्या, मागे तात्यांचं कण्हणं. सोनाबाईने माझा हात घट्ट धरला होता. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर आतडं गेलं असतं.

मी बारामतीतच मुक्काम केला. दोन दिवसांनी, पुण्याची एसटी धरण्याआधी, तात्यांना भेटायला दवाखान्यात गेले. चेहरा उतरलेला, पण आवाज जाग्यावर.

"तो कागद हाय का?"

"आहे. पण आता तो बाद."

"बाद कशापायी? कौल लागस्तवर तुमी हात जोडून हुब्या व्हत्या. म्या बघितलं. त्येबी लिवा."

मला ते आठवतच नव्हतं. सोनाबाईकडे पाहिलं, तर तिनेही होकारार्थी मान डोलावली.

पुण्यात सरांनी प्रश्नावल्या मोजल्या आणि काट मारलेला कागद बाजूला काढला. "हे कुणी केलं?"

"मी," म्हणाले. हात जोडल्याचं मात्र त्यांना सांगू शकले नाही. आज इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.